दोन एमबीचे मामा

"बसतंय का रे?" मामींनी पुन्हा विचारलं.

बसत नव्हतं. मुलीने पाठवलेली डिजिटल फोटोफ्रेम मामींना उशाशी ठेवायची होती. तिच्यात व्हिडिओ चालत नव्हता. जिफ, म्हणजे आवाजाविना हलणारं चित्र, तेवढी चालायची, तीही दोन एमबीच्या आतली. मामा गेल्यावर ते हलताना दिसतात असा व्हिडिओचा हा एवढाच तुकडा मागे राहिला होता, आणि त्याची जिफ झाली होती साडेसहा एमबीची.

भाचा जाहिरातींच्या स्टुडिओत कामाला होता. बूट गरगर फिरवणं, बाटल्या नाचवणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्याने सराईतपणे कापाकापी सुरू केली. तुकड्याच्या सुरुवातीला मामा खुर्चीत नुसतेच बसले होते. कुणीतरी केलेला विनोद नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पायी निघालेला होता. तो पोचल्यावर ते खदाखदा हसत होते. बसल्याची चित्रं सगळी सारखीच. भाच्याने त्यातलं एक ठेवलं, बाकीची उडवली, आणि ठेवलेलं तेवढाच वेळ थांबेल असं केलं. रंगही निम्म्यावर आणले. फाइल दोनच्या खाली आली, तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला.

"बघा मामी."

मामींनी चष्मा लावला. मामा बसले. मामा हसले. मामा पुन्हा बसले.

"हसतात छान," त्या म्हणाल्या. "पण आधी असं काय झालंय त्यांना?"

"काही नाही. तिथे काही घडतच नव्हतं, म्हणून काढलं."

"घडत कसं नव्हतं? आधीचं लाव बरं."

त्याने लावलं. मामींनी मामांच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं. गुंडी किंचित वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

भाचा पडद्याजवळ वाकला. हा तुकडा त्याने सकाळपासून किती वेळा पाहिला होता, पण गुंडी काही दिसली नव्हती.

"हे सगळं ठेवलं तर बसणार नाही, मामी," तो म्हणाला. "जास्त जागा हसणंच खातंय. फार हलतात ना ते त्यात."

"मग ते काढ."

"हसणं काढू?"

मामींची नजर गुंडीवरच होती.

"हसतानाचे फोटो ढीगभर आहेत रे."