चार तासांचा थांबा

तंत्रनिकेतनातल्या निवृत्त मास्तरांनी ट्रकचालक लेकीने आखलेला आठ दिवसांच्या फेरीचा तक्ता तपासायला घेतला आणि तिसऱ्याच ओळीला त्यांचे डोके फिरले. विजेवरच्या ट्रकसाठी महामार्गावर जलद चार्जिंग केंद्रे असताना ती एक दिवसाआड शहरात शिरून चार-चार तास थांबणार होती. "अगं, तासाभरात बॅटरी भरते! शिकवलेलं सगळं पाण्यात घातलंस?" "बाबा, राहू द्या तसंच." "का? ट्रक काय वामकुक्षी घेणार आहे?" एरवी खळखळून हसणाऱ्या लेकीने पत्त्यांच्या रकान्यावर बोट ठेवले. चष्मा सावरून त्यांनी थांब्यांचे पत्ते वाचले; प्रत्येक केंद्र रुग्णालयाच्या आवारात होते. "चार तास ट्रकला नाही, मला लागतात," ती म्हणाली. "डायलिसिसला. सहा महिने झाले." तिने डावी बाही वर सरकवली. मास्तरांनी डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रिया करून फुगवलेल्या तिच्या शिरेवर बोटे टेकवली. आत रक्त मोटरसारखे थरथरत होते.