पदरचं काही नाही

माझ्या सावत्र लेकीला सासूबाई रोज एकच गोष्ट सांगायच्या, मला स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा बेताने: सावत्र आई आणि तिचं विषारी फळ. वर्षभर पोरगी ताट माझ्यापुढे सरकवून म्हणायची, "आधी तू खा." मी मुकाट्याने खायचे.

मागच्या आठवड्यात सासूबाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आणि गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मीही एक जुनीच गोष्ट सांगितली, रोज, त्यांच्यासमोर बसून, पदरचं काही न घालता: एक म्हातारी पोरांना खाऊ देऊन देऊन गुबगुबीत करायची आणि मग भट्टीत घालायची.

आज आवाज फुटल्याबरोबर सासूबाईंनी लाडाने बिस्कीट पुढे केलं.



पोरगी माझ्यामागे लपली. "आई," ती पहिल्यांदाच म्हणाली, "आजी मला जाड करतेय."