सवत

ती काही सांगायला बसली की नवऱ्याचं लक्ष मनगटाकडे जायचं आणि घड्याळाची बटणं दाबायचा चाळा सुरू व्हायचा. मग तिचं बोलणं अर्ध्यावर राहायचं. वीस वर्षं हेच. पुढेपुढे ती कामापुरतंच बोलू लागली.

तो गेल्यावर त्याच्यासारखाच आत कॅमेरा बसवलेल्या मनगटी घड्याळांचा छंद असलेला मित्र ते घड्याळ मागायला आला.

"खुशाल न्या, भाऊजी. सवतच होती ती माझी. मी कधी हातसुद्धा लावला नाही."

"आधी आतले फोटो घरच्यांनी बघायचे, मगच घड्याळ न्यायचं, असा आमचा रिवाज आहे, वहिनी. यात शंभरच मावतात. नवा काढायचा तर जुना पुसावा लागतो. म्हणजे जिवापाड जपलेलेच उरतात."

तिनं बटण दाबलं. नखाएवढ्या काचेवर करडे, धुरकट फोटो सरकू लागले. ओट्यापाशी, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर. शंभरही फोटोंत तीच होती. बोलता बोलता नुकतीच गप्प झालेली आणि थेट घड्याळाकडे रागानं बघणारी.