तेलाचा नट

अर्धांगवायूनं उजवा हात-पाय गेल्यापासून गाडीचा विषय निघाला की लीलंड खवळायचा. पाच हजार मैल भरले तेव्हा तो बायकोला म्हणाला, "तेल बदलायला शोरूममध्ये टाक." तीस वर्षं त्यानं गाडीला परक्याचा हात लागू दिला नव्हता. मार्लिसनं ऐकलंच नाही. तिनं त्याची चाकाची खुर्ची गॅरेजमध्ये ढकलली, डाव्या हातात टॉर्च दिला आणि स्वतः गाडीखाली सरपटली. तेलाचा नट हलेना. "अगं, उलटा फिरवतेयस!" तो ओरडला. "मग उजेड नीट धर की!" "पान्याला पाइप लाव, जोर मिळेल." तिनं दात-ओठ खाऊन रेटा दिला. कटकन नट सुटला आणि काळं तेल खाली ठेवलेल्या टबात कोसळलं. लीलंड कित्येक महिन्यांनी खळखळून हसला. नवं तेल ओतल्यावर त्यानं आपल्याच सह्यांनी भरलेली सर्व्हिसची वही पुढे केली. "लिही," तो म्हणाला, "काम मार्लिसचं, कटकट लीलंडची."