तेविसावा ब्रेक

तेविसाव्या चित्रफितीतही रस्ता रिकामाच होता. ना कुत्रं, ना ट्रॅक्टर, ना आडवी घुसलेली दुचाकी. तरीही गाडी करकचून थांबली होती. जागा तीच, निपाणीच्या अलीकडचा सर्व्हिस रोड. वारही तोच, मंगळवार.

विमा कंपनीच्या बेळगाव कार्यालयात ऋचाचं काम एवढंच होतं, ब्रेक कुणी लावला हे ठरवायचं. गाडी विजेवरची होती, आपली लेन आपणच धरणारी, अडथळा दिसला की आपणच थांबणारी. अशा गाड्यांचा विमा त्यांच्याच नोंदी पाहून पुढे चालू राहायचा. वर्षात वीसपेक्षा जास्त वेळा माणसाने असा करकचून ब्रेक लावला, तर विमा बंद. पण गाडीनेच चुकून लावला असेल, तर दोष बनवणाऱ्याचा. कधी कधी झाडाची सावलीही कॅमेऱ्याला अडथळा वाटते. ऋचा भौतिकशास्त्र शिकलेली. तिला सावलीची शक्यता पटत होती, आणि खरं तर हवीही होती.

म्हणून या मंगळवारी ती गाडीच्या मालकाशेजारी बसून निघाली. शरच्चंद्र वकील, वय चौऱ्याहत्तर. पत्नी वारली होती, मुलगा कॅनडात होता. वकिली सोडून आठ वर्षं झाली होती, तरी मंगळवारी निपाणी कोर्टाची तारीख असल्यासारखे ते निघत, बाररूमबाहेर चहा घेत आणि परत येत. तिथे ओळखीचं आता कुणी उरलं नव्हतं, हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. ऋचा बरोबर नऊला दारात आली, याचंच त्यांना कौतुक होतं. त्यांचे पक्षकार म्हणे तारखेला कधीच वेळेवर आले नव्हते.

ती जागा आली. रस्त्यावर कडुनिंबाची सावली पडली होती. गाडी वेग जराही कमी न करता त्या सावलीवरून निघून गेली.

ऋचाने पुढे गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि आपलं यंत्र गाडीला जोडलं. पॅडलवरच्या दाबाची नोंद फक्त गाडीतच मिळत असे. तिने तेवीसही ओळी दोनदा वाचल्या.

"काका, सगळे ब्रेक तुमच्या पायाचे आहेत."

"व्हय. माझेच."

मग त्यांनी न विचारताच सांगितलं. आधी आरशात बघायचे, मागे कुणी नाही याची खात्री करायचे, मगच ब्रेक. असा ब्रेक लागला की गाडी आपोआप कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावते. तिकडून विचारतात, लागलं का, घाबरलात का, सोबत कुणी आहे का. गेल्या वर्षी पहिल्यांदा खरंच एक म्हैस आडवी आली होती. तेव्हा कळलं.

ऋचाने यंत्र गाडीपासून सोडवलं. मग तिने एक छापील कागद काढला. पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून सही दिली, तर एक वर्षाची सवलत मिळत होती. नाही दिली, तर महिनाअखेर विमा संपणार आणि गाडी दारात उभी राहणार. म्हणजे मंगळवारही गेला.

वकिलांनी चष्मा लावला आणि कागद मागूनपुढून वाचला. बाळ, मजकूर चोख आहे, म्हणाले. पेन उघडलं. सही मात्र केली नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. ती सांगायची नाही असं तिने मघाशी फोनचं ऐकताना ठरवलं होतं. पण त्यामुळे ते सही करतील, असं तिला वाटलं.

"काका, जूनपासून तिकडे माणूस नाही. ते यंत्र बोलतं. आवाज माणसासारखा आहे, एवढंच."

वकिलांनी टोपण लावलं आणि पेन कागदासकट तिच्या हातात दिलं.

"ठाऊक आहे की गं. माणसं होती तेव्हा वीस सेकंदांत फोन ठेवायची."