लखमीचा नाच

श्याऐंशी सालच्या गणपतीत आमच्या अंधेरीच्या सोसायटीने देखाव्याला विषय घेतला, 'काळा-गोरा भेद नको'. मग महिला मंडळाने आदिवासी नाच बसवला. शिकवायला कोण, तर आरेच्या पाड्यावरची लखमी, नलिनीताईंकडे धुणीभांडी करणारी.

कार्यक्रमाच्या दिवशी खोबरेलात कोळसा कालवून लखमीच एकेकीच्या तोंडाला, हातांना फासत होती. तेवढ्यात निरोप आला, नाचातल्या जयाला ताप भरलाय, ती काही येत नाही. सगळ्यांचे चेहरे पडले.

नलिनीताईंचे गाल रंगवताना लखमी हळूच म्हणाली, "ताई, तिच्या जागी मी उभी राहू?"



"तू नको गं, स्टेजवर फार काळी दिसशील. आणि हे बघ, माझ्या मानेला अजून थोडं लाव."