समोरच्या टँकरमधला हात

घाटात समोरून टँकर आला आणि त्यातल्या हणमंताने हात वर केला. रंजनाला हुंदका फुटला. हणमंता तिचा नवरा; त्याला जाऊन वर्ष झालं होतं. रिकाम्या केबिनला लोक घाबरत, म्हणून आपोआप चालणाऱ्या टँकरांत कंपनीने जुन्या ड्रायव्हरांच्या हलत्या छबी बसवल्या होत्या.

“माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी,” ती म्हणाली.

“वहिनी, टँकरवाला टँकरवाल्यालाच हात करतो,” शेजारी आपला टँकर चालवणारा दीर म्हणाला.

रंजना चिकाटीने टँकर चालवायला शिकली, तिने परवाना काढला. पहिल्याच फेरीत हणमंताने तिच्या डोळ्यांत बघून हात केला, हसलाही. तिचा हात मात्र स्टिअरिंगवरून उठेना.

“दादा हसला?” संध्याकाळी दिराने विचारलं.

“हसले. नव्या ड्रायव्हरला हसतात तसे.”